रूप पालटते, मूल्य टिकते : अपूर्णांकांच्या गणितातील जैन परंपरेचा वारसा

धान, किराणा, कापड आणि सोने-चांदी यांच्या व्यापाराशी ज्या समाजाचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे, त्या समाजाला पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच हे शब्द कधीच परके नव्हते. गोंदियासारख्या तांदळाच्या बाजारपेठेत दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या जुन्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी आणि औटकी मुखोद्गत केली होती. मुनीमजींचा हिशेब कागदावर उतरण्यापूर्वीच तोंडी पूर्ण होत असे. परंतु हेच अपूर्णांक आज शाळेच्या फळ्यावर आले की अनेक मुलांना ते अवघड वाटतात. विशेषतः इयत्ता पाचवीच्या सुमारास येणारी ‘सममूल्य अपूर्णांक’ ही कल्पना, म्हणजे १/२, २/४, ४/८ आणि ५०/१०० हे दिसायला वेगळे असले तरी मूल्याने एकच आहेत ही गोष्ट, पुष्कळ विद्यार्थी केवळ पाठ करतात. ती त्यांच्या मनात उतरत नाही.

अंश आणि छेद यांना एकाच संख्येने गुणले अथवा भागले तरी अपूर्णांकाचे मूल्य बदलत नाही, हा तो नियम. या साध्या नियमाचा इतिहास पाहू गेल्यास तो जैन शास्त्रग्रंथांच्या पानापानांतून जातो, आणि त्याचा एक प्राचीन उल्लेख चक्क कर्मसिद्धांताच्या विवेचनात सापडतो, ही बाब समाजातील फार थोड्यांना ज्ञात आहे.

आगमांतील ‘कलासवर्ण’

जैन परंपरेने गणिताकडे केवळ व्यवहाराचे साधन म्हणून पाहिले नाही. लोकाची रचना, द्वीप-समुद्रांची मापे, काळाचे सूक्ष्म विभाग आणि कर्मपरमाणूंची गणना या सर्वांसाठी संख्याशास्त्राची आवश्यकता होती. म्हणूनच गणितानुयोगाला शास्त्राभ्यासात मानाचे स्थान लाभले. तिसरे अंग असलेल्या स्थानांगसूत्रात ‘संख्यान’ म्हणजे गणिताचे दहा विषय सांगितले आहेत. परिकर्म, व्यवहार, रज्जू, राशी यांच्याबरोबरच त्या यादीत ‘कलासवर्ण’ हे नाव येते. ‘कला’ म्हणजे अंश किंवा भाग आणि ‘सवर्ण’ म्हणजे एका जातीचा. भिन्न भिन्न छेद असलेल्या अपूर्णांकांना एकाच छेदाच्या रूपात आणणे म्हणजे कलासवर्ण. आजच्या पाठ्यपुस्तकातील भाषेत सांगावयाचे तर भिन्नच्छेद अपूर्णांकांना समच्छेद करणे. हे कार्य सममूल्य अपूर्णांकांशिवाय होऊच शकत नाही, हे सहज ध्यानात येईल. आज मराठी शाळेत मूल जे ‘अंश’ आणि ‘छेद’ हे शब्द वापरते, तेही या प्राचीन भारतीय गणितपरंपरेतूनच आलेले आहेत.

तत्त्वार्थाच्या भाष्यातील दृष्टांत

तत्त्वार्थसूत्र हा दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेला ग्रंथ होय. सूत्रकारांना एका परंपरेत उमास्वामी, तर दुसऱ्या परंपरेत उमास्वाती म्हणतात. विद्वानांनी त्यांचा काळ सामान्यतः इसवी सनाच्या दुसऱ्या ते पाचव्या शतकाच्या दरम्यान मानला आहे. या सूत्रांवरील ‘तत्त्वार्थाधिगमभाष्य’ श्वेतांबर परंपरा स्वतः उमास्वातींचेच मानते, तर दिगंबर परंपरेत आचार्य पूज्यपादांची ‘सर्वार्थसिद्धी’ ही टीका प्रमाणभूत आहे.

दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी आयुकर्माचा विचार येतो. काही जीवांचे आयुष्य अनपवर्त्य असते, म्हणजे ते मध्येच संक्षेप पावत नाही. तर इतरांचे आयुष्य विष, शस्त्र इत्यादी निमित्तांनी लवकर संपू शकते. येथे एक गंभीर शंका उपस्थित होते. दीर्घ काळ भोगावयाचे आयुकर्म जर अल्पकाळात संपले, तर उरलेले कर्म फळ न देताच नष्ट झाले असे मानावे लागेल काय? तसे मानले तर केलेले कर्म वाया जाऊ शकते असा अर्थ होईल आणि कर्मसिद्धांताचा पायाच डळमळेल.

या शंकेचे निरसन करताना भाष्यकार काही दृष्टांत देतात. गवताची मोळी एकेक काडी करून जळली तर दीर्घ काळ लागतो. तेच गवत मोकळे करून वाऱ्याच्या झोतात चहूकडून पेटवले तर क्षणात जळते, परंतु दोन्ही वेळा जळते ते सारेच गवत. ओले वस्त्र घडी करून ठेवले तर उशिरा वाळते आणि पसरले तर लवकर वाळते, पण पाणी तेवढेच जाते. या दोन दृष्टांतांच्या जोडीला तिसरा दृष्टांत गणितज्ञाचा आहे. गणिताचा आचार्य क्रिया सुलभ व्हावी म्हणून सामाईक अवयवाने भागून राशीला संक्षिप्त रूप देतो, तथापि त्यामुळे त्या राशीच्या मूल्यात काहीही उणे होत नाही. आयुकर्माचेही तसेच आहे. भोगण्याचा काळ संक्षिप्त होतो, परंतु कर्म संपूर्ण भोगले जाते.

या संक्षेपाला ग्रंथात ‘अपवर्तन’ हाच शब्द आहे. आयुष्याचेही अपवर्तन आणि अपूर्णांकाचेही अपवर्तन. उदाहरणार्थ १२/१८ हा अपूर्णांक घेतला आणि अंश व छेद या दोहोंना ६ ने भागले तर २/३ मिळतात. आकडे लहान झाले, लिहिणे सोपे झाले, मूल्य मात्र जेवढे होते तेवढेच राहिले.

इतिहासाच्या दृष्टीने या दृष्टांताचे महत्त्व मोठे आहे. दृष्टांत नेहमी ज्ञाताकडून अज्ञाताकडे नेतो. आयुकर्माचे सूक्ष्म तत्त्व समजावण्यासाठी जर अपूर्णांकाच्या संक्षेपाचा आधार घेतला गेला, तर त्याचा अर्थ असा की त्या काळच्या श्रोत्यांना तो संक्षेप गवत आणि ओले वस्त्र यांच्याइतकाच परिचित होता. सममूल्य अपूर्णांकांची कल्पना त्या काळी विद्वानांपुरती मर्यादित नव्हती, असे यावरून अनुमान काढता येते.

महावीराचार्य आणि ‘निरुद्ध’

या परंपरेचा कळस म्हणजे महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग (कारकीर्द सुमारे इ. स. ८१४ ते ८७८) यांच्या राज्यकाळात, सुमारे इ. स. ८५० मध्ये हा संस्कृत ग्रंथ रचला गेला. अमोघवर्षांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. आदिपुराणाचे कर्ते आचार्य जिनसेन हे या सम्राटाचे गुरू. वेरूळच्या जैन लेणी ज्या राजवटीच्या काळात आकारास आल्या, तीच ही राजवट. नऊ अध्यायांच्या या ग्रंथाचा आरंभ भगवान महावीरांना वंदन करून होतो आणि ग्रंथकार त्याच ठिकाणी लौकिक व्यवहारापासून लोकरचनेपर्यंत सर्वत्र गणिताची आवश्यकता कशी आहे, हे आवर्जून सांगतात.

ग्रंथातील एक स्वतंत्र अध्याय कलासवर्णाला वाहिलेला आहे. त्यात अपूर्णांकांच्या सहा जाती सांगितल्या आहेत : भाग, प्रभाग, भागभाग, भागानुबंध, भागापवाह आणि भागमातृ. यांपैकी अपूर्णांकाचा अपूर्णांक म्हणजे प्रभाग. पूर्ण संख्येत अपूर्णांक मिळवणे म्हणजे भागानुबंध. आपले ‘सव्वा’ आणि ‘दीड’ हे त्यातले. पूर्ण संख्येतून अपूर्णांक वजा करणे म्हणजे भागापवाह; ‘पावणेदोन’ हे त्याचे घरगुती उदाहरण.

महावीराचार्यांचे विशेष योगदान ‘निरुद्ध’ या संकल्पनेत आहे. त्यांच्या पूर्वीच्या ग्रंथांत सामान्य रीत अशी की, एका अपूर्णांकाच्या अंश-छेदांना दुसऱ्याच्या छेदाने गुणावे आणि दोघांचे छेद समान करावेत. रीत बिनचूक आहे, परंतु अपूर्णांक अनेक असतील तर छेद अवाढव्य होतो. महावीराचार्यांनी सांगितले की, छेदांचे सामाईक अवयव आणि त्यांनी भागून आलेली फळे यांचाच गुणाकार करावा. या गुणाकाराला त्यांनी ‘निरुद्ध’ म्हटले. उदाहरणार्थ १२ आणि २० यांचा सामाईक अवयव ४, भागून आलेली फळे ३ आणि ५; म्हणून निरुद्ध ४ × ३ × ५ = ६०. आज शाळेत ज्याला लघुतम साधारण विभाज्य अथवा ‘लसावि’ म्हणतात, तोच हा. अपूर्णांकांच्या गणितात लसावि वापरण्याची रीत सांगणारे पहिले भारतीय गणिती म्हणून गणितेतिहासकार महावीराचार्यांचे नाव घेतात.

या रीतीचा लाभ किती, हे ग्रंथातीलच एका उदाहरणावरून दिसून येते. एका श्रावकाने जिनपूजेसाठी जांभूळ, लिंबू, नारिंग, नारळ, केळी, आंबा आणि डाळिंब ही सात प्रकारची फळे एका सुवर्णनाण्याच्या अनुक्रमे १/२, १/६, १/१२, १/२०, १/३०, १/४२ आणि १/५६ इतक्या भागांत विकत घेतली, तर एकूण किती सोने खर्च झाले? साती छेदांचा सरसकट गुणाकार केला तर तो २०,३२,१२,८०० येतो. वीस कोटींहून मोठा छेद घेऊन बेरीज करण्याचे धाडस कोण करील? निरुद्ध मात्र केवळ ८४० आहे. त्या छेदात साती अपूर्णांकांची सममूल्य रूपे अनुक्रमे ४२०, १४०, ७०, ४२, २८, २० आणि १५ अंशांची होतात. बेरीज ७३५/८४०. आता अपवर्तन करावे; अंश व छेद यांना १०५ ने भागले की उत्तर येते ७/८. श्रावकाच्या नाण्यात केवळ एक अष्टमांश शिल्लक राहिला.

एकाच उदाहरणात सममूल्य अपूर्णांकांचा दोन्ही दिशांनी उपयोग झाला आहे. प्रथम अंश-छेद वाढवून सर्वांना सवर्ण केले आणि अखेर अंश-छेद घटवून उत्तर सुटसुटीत केले. या दोन्ही प्रवासांत सोन्याचा कणही कमी-अधिक झाला नाही.

विस्मृतीतून प्रकाशात

अकराव्या शतकात पावुलूरी मल्लन यांनी या ग्रंथाचा तेलुगूत अनुवाद केला, यावरून दक्षिणेत त्याचा किती प्रसार होता हे कळते. तथापि पुढे शतकानुशतके हे ज्ञान हस्तलिखितांच्या पोथ्यांत बंदिस्त राहिले. १९१२ साली मद्रास येथे प्रा. एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी अनुवादासह गणितसारसंग्रह प्रसिद्ध केला आणि त्याला अमेरिकेतील गणितेतिहासकार डेव्हिड यूजीन स्मिथ यांनी प्रस्तावना लिहिली. त्यानंतर १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने आपल्या जीवराज जैन ग्रंथमालेत प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो प्रकाशित केला. महाराष्ट्रातील एका जैन संस्थेने हे कार्य करावे, ही अभिमानाची बाब होय.

विदर्भाचेही या कार्यात मोलाचे स्थान आहे. मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर जतन झालेल्या षट्खंडागमावरील ‘धवला’ या आचार्य वीरसेनांच्या टीकेचे संपादन डॉ. हीरालाल जैन यांनी अमरावतीत राहून आरंभिले. १९३९ साली पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध झाला आणि पुढील सुमारे वीस वर्षांत सोळा खंड पूर्ण झाले. त्यातील चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठाचे डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतील गणितावर लेख लिहिला व तिच्यात येणारे अपूर्णांकांचे अनेक नियम प्रथमच जगापुढे मांडले. एका नियमाचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. १२ च्या वर्गाला, म्हणजे १४४ ला, १२ आणि त्याचा तिसरा भाग ४ यांच्या बेरजेने, म्हणजे १६ ने भागले तर ९ येतात. आणि १२ मधून त्याचा चौथा भाग वजा केला तरी ९ च येतात. भाजकात तृतीयांश वाढला की फळात चतुर्थांश घटतो. एकच राशी दोन वाटांनी पाहण्याची ही दृष्टी धवलाकारांना सहज अवगत होती.

सोळा आणे आणि शंभर पैसे

ग्रंथांतील हे गणित बाजारात कसे जगत होते, याची साक्ष आपल्याच जुन्या वह्यांत मिळते. रुपयाचे सोळा आणे, शेराच्या सोळा छटाका, मणाचे चाळीस शेर. चार आणे म्हणजे ४/१६, म्हणजेच १/४, म्हणून ती ‘पावली’. आठ आणे म्हणजे ‘अधेली’. भागीदारीतील पाती आण्यांत ठरत, शेतातील पीकही आण्यांत अंदाजले जाई. झाडीपट्टीतील शेतकरी आजही धानाच्या ‘आणेवारी’ची चर्चा करतो, सरकारदरबारी तिची ‘पैसेवारी’ झाली. आठ आण्यांचे पीक आणि पन्नास पैशांचे पीक एकच, कारण ८/१६ आणि ५०/१०० हे दोन्ही १/२ शी सममूल्य आहेत.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि साऱ्या देशाला सममूल्य अपूर्णांकांचा धडा एका दिवसात गिरवावा लागला. चार, आठ आणि बारा आणे यांचे २५, ५० आणि ७५ नवे पैसे बिनचूक झाले. परंतु एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत होते. १०० ला १६ ने निःशेष भाग जात नाही, म्हणून १/१६ ला शंभर छेदाच्या पूर्ण अंशांत मांडताच येत नाही. सरकारी कोष्टकात एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२ आणि तीन आण्यांचे १९ नवे पैसे ठरले. एक आणा किमतीच्या सोळा वस्तू सुट्या घेतल्या तर ९६ नवे पैसे होत, आणि एकत्र हिशेब केला तर पूर्ण रुपया. सममूल्य आणि जवळपास समान यांतील भेद तेव्हा प्रत्येक किराणा दुकानदाराच्या प्रत्ययास आला. पुढे ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचे नाणे चलनातून बाद झाले. ‘चार आणे’ केवळ बोलण्यात उरले.

वजनांच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म गोष्ट घडली. जुना शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्याचा पावशेर सुमारे २३३ ग्रॅम भरे. आजचा पाव किलो २५० ग्रॅम. ‘पाव’ हा शब्द तोच, १/४ हा अपूर्णांकही तोच, तरी वस्तू समान नाही, कारण पूर्णच बदलले. अपूर्णांकांची तुलना करताना पूर्ण एकच असले पाहिजे, हे मुलांना शिकवण्यास याहून उत्तम उदाहरण सापडणे कठीण.

गणित आणि व्रत

श्रावकाच्या अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी एक ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे देताना कमी आणि घेताना अधिक असे माप ठेवणे. आणि दुसरा प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे चांगल्या मालात हलका माल मिसळणे. शास्त्रकारांनी माप-तोलाला व्रताच्या कक्षेत आणून ठेवले, याचा अर्थ असा की, जैन व्यापाऱ्यासाठी अचूक हिशेब हा केवळ हुशारीचा विषय नाही, तो आचारधर्माचा विषय आहे.

गोंदियाच्या राइस मिलमधील एक व्यवहार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. शासकीय धानाच्या भरडाईत एका क्विंटल धानामागे अरवा तांदळाचा उतारा ६७ किलो आणि उष्णा तांदळाचा ६८ किलो असे प्रमाण दीर्घकाळ राहिले. बोलताना कोणीही सहज म्हणेल, धानाचा दोन तृतीयांश तांदूळ होतो. परंतु ६७/१०० आणि २/३ हे सममूल्य आहेत काय? तिरकस गुणाकार करावा : ६७ × ३ = २०१ आणि १०० × २ = २००. गुणाकार समान नाहीत, म्हणून अपूर्णांकही समान नाहीत. ३०० क्विंटल धानावर ६७ टक्क्यांनी २०१ क्विंटल तांदूळ देय होतो आणि दोन तृतीयांशाने २००. एक क्विंटलचा फरक. बोलण्यातील सुलभता हिशेबात उतरली तर कोणाच्या तरी वाट्याचा एक क्विंटल तांदूळ नाहीसा होतो. अपवर्तनात रूप लहान होते, पण मूल्य घटत नाही. जेथे मूल्य घटते तेथे ते अपवर्तन नव्हे. आचार्यांच्या दृष्टांताचे मर्म हेच आहे.

पुढील पिढीसाठी

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थेच्या पन्नास वर्षांचा आढावा घेतला जात असताना, पुढील पन्नास वर्षांत मुलांच्या हाती काय द्यावयाचे याचाही विचार व्हावयास हवा. धार्मिक पाठशाळेत तत्त्वार्थसूत्राचा दुसरा अध्याय शिकवला जातो, तेव्हा अपवर्तनाचा अर्थ सांगताना फळ्यावर १२/१८ = २/३ एवढे लिहिले तरी दोन काम होतील. शाळेतील गणित शास्त्राच्या आधाराने पक्के होईल आणि शास्त्रातील सूक्ष्म तत्त्व गणिताच्या आधाराने मनात रुजेल. महावीराचार्यांचे फळांचे उदाहरण दहा-बारा वर्षांच्या मुलांना सहज सोडवता येईल. मुलींनी आणि मुलांनी ते पूजेच्या ताटासमोर बसून सोडवले तर त्याची गोडी निराळीच राहील. घरातील वडीलधाऱ्यांनी पावकी आणि अडीचकी एकदा तरी नातवंडांना म्हणून दाखवावी.

सूत्र एकच, त्यावर भाष्य एका परंपरेने जपले आणि टीका दुसऱ्या परंपरेने. अपवर्तनाचा दृष्टांत एकीकडे आला आणि निरुद्धाची रीत दुसरीकडे. छेद निरनिराळे असले तरी सवर्ण केल्यावर बेरीज होते, हे ज्या आचार्यांनी शिकवले त्यांच्या वारसांना एकत्र येण्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. हा वारसा ग्रंथभांडारातून पुन्हा पाटीवर यावा, हीच या मंगल प्रसंगी अपेक्षा.

॥ जय जिनेंद्र ॥